बेचाळीस बरण्या

आक्का घरात शिरल्या त्या नेहमीसारख्या बोलत बोलतच. "झालं बाई एकदाचं भाषण! अकरा मिनिटांचं आहे. विद्यापीठानं दहाच दिलीत, पण एक मिनिट सोसतील. सोसायलाच पाहिजे. त्यांच्या एवढ्या विद्यार्थ्यांत आप्पांसारखा एक तरी..." आणि जेवणाच्या टेबलापाशी त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. आप्पांच्या थोरल्या लेकीचं, तीस वर्षं शाळेत काढलेल्या मुख्याध्यापिकेचं वाक्य अर्ध्यावर राहणं ही काही साधीसुधी गोष्ट नव्हे.

टेबलावर धुतलेली पांढरी चादर होती आणि तिच्यावर आप्पांच्या बेचाळीस बरण्या. सहा-सहाच्या सात ओळी. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं कधीकाळी मोडीत काढलेल्या, सगळ्या एकाच मापाच्या, तारेच्या कडीनं बसणारी काचेची झाकणं असलेल्या. काच इतकी लख्ख की खिडकीतलं ऊन आरपार जाऊन चादरीवर पडलं होतं.

"कशा दिसतात?" थोरलीनं, घरातल्या थोरल्या सुनेनं, विचारलं. तीन दिवस ती या कामात होती. सोड्याच्या पाण्यानं हात सोलवटले होते. आता कुणी चार शब्द बोलावेत एवढीच तिची अपेक्षा होती, आणि त्यात चूक काय?

"यातली माती कुठाय?" आक्कांनी विचारलं.

"काढली की. वाळून दगड झाली होती तळाला. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून दिवसभर भिजत ठेवल्या, तेव्हा कुठे सुटली. आणि जाळी, कोळी, मेलेल्या माश्या, काही विचारू नका आक्का. दिव्याखाली मांडणार आहेत म्हणे विद्यापीठात. लोक बघतील, म्हणतील सून होती ना घरात?"

"आणि चिठ्ठ्या?"

"त्या आपोआप निघाल्या पाण्यात. खळीनं चिकटवलेल्या, लगदा झाला त्यांचा."

आक्का खुर्चीत बसल्या. भाषणाचे कागद त्यांनी मांडीवर ठेवले आणि त्यांच्यावर दोन्ही हात ठेवले, जणू तेही कुणी उचलून धुवायला नेईल.

आता हे सांगितलंच पाहिजे, कारण या घरात वाढलेल्याला जे आपोआप कळतं ते बाहेरच्याला कसं कळावं? लढाईहून परतल्यावर आप्पांनी अर्धवट राहिलेली पदवी पुरी केली, आपल्याहून सहा-सात वर्षांनी लहान पोरांच्या बाकावर बसून. मग जमीन राखण्याच्या खात्यात नोकरी धरली, आणि गावाबाहेरचा बारा एकरांचा उतार घेतला, जो फुकट दिला तरी कुणी घेत नव्हतं. नुसता मुरूम. गवताची काडी नाही. तिथे त्यांनी आडवे बांध घातले, आडवे चर खणले, आणि झाडं लावली. आणि दरवर्षी पहिला मोठा पाऊस होऊन गेला की तिसऱ्या दिवशी पायथ्याच्या ओघळीवर जायचं, त्याच दगडापाशी बसायचं, एक मापटं पाणी बरणीत भरायचं आणि बरणी फळीवर ठेवायची. चौदा दिवसांत गाळ तळाला बसे. त्या वर्षी उताराची जेवढी माती वाहून गेली तेवढा गाळ. मग वर्ष आणि शेरा लिहून चिठ्ठी चिकटवायची. पहिल्या वर्षी पाच बोटं होता. शेवटच्या वर्षी, गेल्या साली, जेमतेम नखाएवढा. एका माणसाचं आयुष्य कशात गेलं हे बघायचं असेल तर ती फळी बघावी. विद्यापीठाला तेच बघायचं होतं. आज दुपारी चारला आप्पांच्या स्मरणाचा कार्यक्रम होता आणि अकरा वाजता प्राध्यापक बाई बरण्या न्यायला येणार होत्या.

"पण आकडे वहीत असतील ना!" थोरली म्हणाली. आवाज बदलला होता तिचा. "आप्पा लिहायचे की वहीत. मी बघितलंय."

आतून दादा आले. थोरले चिरंजीव, थोरलीचे यजमान, गावातले चष्मेवाले. बोलणं मोजकं, आणि तेही काच पुसत पुसत. "ती रोपांची वही," ते म्हणाले. "गाळाचं आप्पांनी कधी लिहिलं नाही. बरणीच माझी वही म्हणायचे."

"अहो, मग मला आधी नाही का सांगायचं?"

"तू धुतेयस हे मला कुठे ठाऊक? मला वाटलं पुसतेयस."

थोरली चादरीवरची एक बरणी उगाच सरळ करत राहिली. तीस वर्षं ती या घरात होती. शेवटची सहा वर्षं आप्पांचं अंघोळ-पाणी, औषधं, रागलोभ सगळं तिनं काढलं होतं, आणि कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. त्याचं कारणही होतं. तिला मूल नव्हतं. एकदा याच टेबलावर, याच आक्कांनी, भरल्या ताटावर तो विषय काढला होता. आप्पा जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "आक्का, माझ्या उतारावर नऊ हजार झाडं आहेत. त्यातलं एक तरी माझ्या पोटचं आहे का? मग मी काय निपुत्रिक? पाणी दे इकडे." त्यानंतर या घरात तो विषय कुणी काढला नाही. त्या एका वाक्याची फेड म्हणून तिनं बरण्या घासल्या होत्या. आणि घासता घासता त्यांचं सगळं पुसून बसली होती.

"तुला शिकवायला गेलं तर तुला राग येतो," आक्का म्हणाल्या. "म्हणून मी तोंड शिवून असते. पण आज बोलते. आप्पांचं आख्खं आयुष्य मोरीत ओतलंस तू."

"आक्का, पुरे."

हे दारातून आलं. धाकटा उभा होता, चपला हातात, पायाला चिखल, बगलेत रोपांची टोपली. उतारावर आता त्याची रोपवाटिका होती. कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येकाला एक रोप द्यायचं ठरलं होतं, ती घेऊन तो आला होता. आक्कांचं आणि त्याचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. पण वहिनीची बाजू घेऊन तो असा उघड कधी बोलला नव्हता.

"पुरे काय? बघ तरी काय झालंय!"

धाकट्यानं टोपली ठेवली आणि टेबलाकडे बघितलं. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. आणि मग त्याला जे वाटलं त्याची त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याला हायसं वाटलं.

गेली. तेविसावी बरणी गेली.

त्या वर्षी आप्पा चार महिने इस्पितळात होते. धाकटा अठ्ठावीसचा होता, अंगात रग होती, आणि आप्पांचं ते इंचाइंचानं मोजत आडवं आडवं नांगरणं त्याला म्हातारचळ वाटे. चारा पेरण्यासाठी राखलेल्या चार एकरांत त्यानं भाड्याचा ट्रॅक्टर आणला आणि वरून खाली सरळ उभा घातला. वाटेत आले ते बांधही फोडले. चार दिवसांचं काम दुपारपर्यंत उरकलं. संध्याकाळी स्वतःवरच खूश होता तो. आठवड्यानं मोठा पाऊस आला, आणि नांगराचं एकेक तास म्हणजे एकेक ओढा झाला.

आप्पा घरी आले ते काठी टेकत. पावसानंतरच्या तिसऱ्या दिवशी ओघळीवर गेले, पाणी भरलं. चौदा दिवसांनी बरणीत चार बोटं गाळ. वीस वर्षं मागे. धाकटा शेजारीच उभा होता. आप्पांनी उताराकडे बघितलं, ती उभी तासं तिथून स्पष्ट दिसत होती. मग बरणीकडे बघितलं. मग चिठ्ठीवर लिहिलं, 'पाऊस जास्त'. खळ लावली, चिकटवली, आणि म्हणाले, "चल, उद्यापासून वरचा बांध घेऊ."

बस्स. एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कारण ते दोन शब्द आप्पांच्या तोंडचे नव्हतेच. ते दोन शब्द आप्पांना विषासारखे होते, आणि का, ते घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. लढाईत ते रस्ते आणि खंदक करणाऱ्या तुकडीत होते. एका टेकडीखाली छावणी पडली होती. खंदकांना टेकू हवेत म्हणून हुकूम आला, आणि आप्पांच्या तुकडीनं आठ दिवसांत ती टेकडी बोडकी केली. पुढच्या पंधरवड्यात पाऊस लागला आणि टेकडी सरळ खाली आली, दोन तंबूंवर. अकरा माणसं गाडली गेली. आप्पांनी जेवणाच्या पत्र्याच्या डब्यानं माती उपसली. दोघं जिवंत निघाले. वरिष्ठांनी अहवाल लिहिला: कारण, पाऊस जास्त. आप्पा दरवर्षी बरणी भरताना ही गोष्ट सांगत आणि दरवर्षी शेवटी तेच म्हणत, "पाऊस जास्त नव्हता. झाडं कमी होती. आणि ती मी तोडली होती." त्यांना मिळालेलं पदक कुठल्या ट्रंकेत होतं ते आईलाही ठाऊक नव्हतं. ही गोष्ट मात्र त्यांनी कधी ट्रंकेत ठेवली नाही.

त्या माणसानं आपल्या पोरासाठी तेच दोन शब्द स्वतःच्या हातानं लिहिले. आणि आता ती चिठ्ठी सोड्याच्या पाण्यात विरघळली होती, आणि जगात ही गोष्ट माहीत असलेला एकच माणूस उरला होता.

"झालं ते झालं," धाकटा म्हणाला. "वहिनींनी काही मुद्दाम केलं नाही."

"मुद्दाम केलं असतं तर एवढं चांगलं झालं नसतं," आक्का फणकारल्या.

बरोबर अकराला प्राध्यापक बाई आल्या. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, गळ्यात चष्मा, हातात रिकाम्या खोक्यांची चळत. शिकत असताना दोन वर्षं आप्पांच्या उतारावर मोजमापं घेत राहिल्या होत्या. घरात सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. आक्का पुढे झाल्या, काय सांगायचं ते त्यांनी मनात जुळवलं होतं: जरा गडबड झालीय, जुन्या वस्तू, काळाचा परिणाम वगैरे.

पण थोरली त्यांच्या आधी दारात पोचली. "बाई, आत येण्याआधी ऐका. मी बरण्या धुतल्या. माती काढली, चिठ्ठ्या गेल्या. मला वाटलं वहीत आहे, वहीत नाही. दुसऱ्या कुणाची चूक नाही यात, माझी एकटीची आहे. आता आत या, चहा टाकलाय."

आक्का बघत राहिल्या. शाळेत त्यांनी हजार पोरांकडून चुका कबूल करून घेतल्या होत्या. अशी सरळ, जीभ न अडखळता कबूल केलेली त्यांना आठवेना. आपण जे वाक्य जुळवलं होतं ते मुकाट्यानं गिळून टाकावं असं त्यांना वाटलं.

बाईंनी खोकी खाली ठेवली. टेबलाभोवती एक फेरी घातली. वाकून रिकामे तळ बघितले. शेवटी त्यांनी विचारलं, "माती टाकलीत कुठे?"

"मोरीत, दुसरं कुठे," आक्का हळूच पुटपुटल्या.

आणि थोरली भडकली. तीस वर्षांत पहिल्यांदा. "मोरीत? आक्का, मोरीत? या घरात मोरीत माती ओततात? कुंडीतली सांडली तर चिमटीनं उचलून परत घालायला लावायचे आप्पा, ते काय मी विसरले? दोन बादल्या भरल्या. काल सकाळी उतारावर नेल्या, अगदी वर, पहिल्या बांधापाशी. गुडघे दुखतात माझे, तरी गेले. खाली आलेली माती वर न्यायची, हे ते रोज सांगायचे. ओतली, वर पालापाचोळा पसरला, नमस्कार केला आणि आले. आणखी काय करायला हवं होतं?"

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला.

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. "बेचाळीस वर्षांची माती परत वर पोचवलीत," त्या म्हणाल्या. "वहिनी, आप्पा असते तर त्यांनी तुमच्या हातचा चहा घेऊन आज सुट्टी घेतली असती."

"ते सुट्टी घेणारे!" थोरली डोळे पुसत म्हणाली. "आणि एवढं घासलं तरी मेल्या बरण्या काही निर्मळ झाल्या नाहीत बघा. प्रत्येकीवर ओरखडा आहे. राखेनं घासलं, लिंबानं घासलं, जाईना."

"कुठे ओरखडा?" दादांनी विचारलं. काचेचा विषय निघाला म्हटल्यावर त्यांच्यात जीव आला. त्यांनी जवळची बरणी उचलली, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि उजेडाकडे तोंड केलं. मग दुसरी घेतली. मग तिसरी.

"अहो, बोला की."

"हा ओरखडा नाही," दादा म्हणाले. "कानशीनं काढलेली रेघ आहे. सरळ, आडवी, एक इंचाची. प्रत्येकीवर वेगळ्या उंचीवर." आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला. "माझी काचेची कानस! त्यांची जुनी झिजली तेव्हा माझ्या दुकानातून नेली असणार आप्पांनी. मी वर्षभर शोधत होतो, नोकराला बोललोसुद्धा."

"आप्पांनी चोरी केली?" आक्का.

"उसनी नेली असेल. सांगितलं नाही एवढंच."

बाईंनी बरणी हातात घेतली होती. "गाळ वाळला की आक्रसतो," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणजे चौदाव्या दिवशी, ओला असताना, त्यांनी उंची कोरून ठेवली. कळलं का? आकडे गेलेले नाहीत. वर्षं तेवढी गेलीत."

"मग वर्षं आपण लावू," आक्का म्हणाल्या आणि पदर खोचला. भाषणाचे कागद त्यांनी फळीवर टाकून दिले. "दादा, भिंग घे. बाई, तुम्ही खडूनं आकडे घाला. तू," थोरलीकडे वळून, जरा थांबून, "तू इथे माझ्याजवळ उभी राहा. बरण्या तुझ्या हाताखालून गेल्यात, तुलाच ओळखू येतील."

मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं? कुणी लांबून ऐकलं असतं तर भांडण चाललंय असंच वाटलं असतं.

"ही ओठाला टवका उडालेली. दादाचा चेंडू लागला होता. मी परीक्षेला बसले होते त्या वर्षी. सहावी."

"चेंडू माझा नव्हता, बारक्याचा होता."

"मी तेव्हा दहा-अकराचा होतो, माझा चेंडू फळीपर्यंत पोचत तरी होता का?"

"या पाच बरण्यांच्या झाकणाखालचं रबर काळं आहे बघा. सायकलच्या ट्यूबचं कापलेलं. बाकीच्यांचं तांबडं."

"रबर मिळत नव्हतं ती वर्षं. माझी सायकल फुकट गेली त्यात. अकरावी ते पंधरावी."

"हिच्या कडीला निळा रंग. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा दारं रंगवली होती, सासूबाई ओरडल्या होत्या आप्पांना, ब्रश घेऊन तिथे काय करताय म्हणून. म्हणजे ही तेरावी."

"बघितलंत बाई? हिला आठवतं," आक्का म्हणाल्या, जणू थोरलीला शिकवून त्यांनीच परीक्षेला पाठवली होती.

काही बरण्यांचं काहीच आठवेना. त्या आठ बाजूला राहिल्या. बाईंनी त्यांच्यापुढे लिहिलं, 'वर्ष माहीत नाही', आणि म्हणाल्या, "असू दे. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायला आप्पांनीच शिकवलंय." उरलेल्यांतल्या तेहतीस मात्र टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागल्या, आणि रेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेली. थोडी वर, थोडी खाली, पण उतरत. शेवटच्या बरणीवर ती इतकी तळाशी होती की दादांना भिंगाशिवाय दिसली नाही.

एकच बरणी हातात राहिली. रेघ चार बोटांवर.

"ही पहिल्या दोन-तीन वर्षांतलीच," बाई म्हणाल्या. "एवढा गाळ नंतर शक्यच नाही. दुसरी म्हणू या?" त्यांनी ती डाव्या टोकाला ठेवली. अगदी चपखल बसली. तेविसाव्या जागी एक फट राहिली, पण मधे आणखीही फटी होत्याच.

धाकटा खिडकीपाशी उभा होता. बोलला नसता तर काही बिघडणार नव्हतं. उलट ओळ जास्त सुंदर दिसत होती. वहिनींच्या हातून जे धुतलं गेलं त्यात त्याचं तेवढं आपोआप धुऊन निघालं होतं. त्यानं थोरलीकडे बघितलं. ती सोललेल्या हातांनी चादरीची सुरकुती सरळ करत होती. अकरा वाजता ती दारात उभी राहून काय म्हणाली होती ते त्याला आठवलं. दुसऱ्या कुणाची चूक नाही यात.

"ती दुसरी नाही," तो म्हणाला.

"मग कितवी?"

"तेविसावी."

"छे," आक्का म्हणाल्या. "तेव्हा बांध पक्के झाले होते. त्या वर्षी..." आणि त्यांनाच आठवलं. "हां, त्या वर्षी पाऊस जास्त होता. आप्पा म्हणाले होते."

"पाऊस जास्त नव्हता, आक्का."

घरातल्या कुणाला पुढचं वाक्य पाठ नाही? पण ते पूर्ण करायला कुणी धजलं नाही. धाकट्यानंच केलं. "पाऊस नेहमीएवढाच होता. मी उभं नांगरलं होतं. आप्पा इस्पितळात असताना. बांध फोडले, ट्रॅक्टर घातला. त्यांनी बघितलं, आणि माझ्यादेखत चिठ्ठीवर ते लिहिलं. पाऊस जास्त. त्यांनी! ज्यांनी जन्मभर..." त्यानं बरणीवरच्या रेघेकडे बघितलं. "वीस वर्षं झाली. मी एकदा तरी म्हणायला हवं होतं त्यांना. नाही म्हणालो."

आक्का उठल्या. धाकट्याला वाटलं आता बसणार मुस्कटात, आणि बसायला हवी होती असंही वाटलं. आक्कांनी त्याच्या खांद्यावरची वाळलेली मातीची ढेकळं झटकली. "म्हणून तू उतार सोडून कुठे गेला नाहीस होय रे," त्या म्हणाल्या. "शहरातली नोकरी नाकारलीस तेव्हा मी तुला आळशी म्हणाले होते. चारचौघांत."

"तू काय, कुणालाही काहीही म्हणतेस."

"म्हणते खरी," आक्का म्हणाल्या. आणि वळून थोरलीलाही म्हणाल्या, "म्हणते खरी गं मी. आता म्हातारपणी सुधारणं काही होत नाही. पण सकाळचं मागे घेते. ते मोरीचं."

"चहा गार होतोय," थोरली म्हणाली.

बाईंनी डाव्या टोकाची बरणी उचलली आणि दोन हातांनी धरून तेविसाव्या जागी ठेवली. खाली खाली येणारी रेघ तिथे एकदम उसळली. चोविसावी बरणी ओळखलेल्यांत होती, झाकणाला तडा गेलेली. तिच्यावर रेघ अडीच बोटांवर होती. पंचविसावीवर दीड. "बघा," बाई म्हणाल्या, "दोन वर्षांत भरून काढलंत तुम्ही. तुम्ही आणि आप्पांनी. आता ही ओळ खरी वाटते. मघाशी जरा जास्तच शहाणी होती." मग त्यांनी कोरी चिठ्ठी पुढे ओढली. "हिच्यावर काय लिहू?"

"खरं लिहा," धाकटा म्हणाला. "माझं नाव घालून."

"आप्पांचे शब्द लिहा," थोरली म्हणाली. "बरणी त्यांची आहे. माझ्या हातून ते एकदा गेलेत, पुन्हा घालवू नका."

दोघांनी एकदम आक्कांकडे बघितलं, जसं या घरात शेवटी सगळे बघतात. आक्कांनी बाईंच्या हातातलं पेन घेतलं आणि शाळेच्या फळ्यावर लिहायच्या त्या ठसठशीत अक्षरात दोन ओळी लिहिल्या.

'या वर्षी धाकट्या मुलाने उतारावर उभी नांगरट केली.
वडिलांनी त्याच्यासाठी लिहिले: पाऊस जास्त.'

थोरली आत जाऊन खळीची वाटी घेऊन आली. आप्पा करायचे तशीच, घट्ट, किंचित मीठ घातलेली. आक्कांनी बरणी धरली, धाकट्यानं चिठ्ठी लावली, आणि थोरलीनं सोललेल्या अंगठ्यानं ती कडेकडेनं दाबत नेली.

"आता नाही निघायची," ती म्हणाली.